पांढरा दोरा

दुपारची कामं आटोपली की मास्तर दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे बघत. माणसाचं तोंड नंतर, आधी खांद्याची शिवण. "याचा खांदा बघ, कोपराला भेटायला निघालाय," असं मागच्या खोलीत बसलेल्या बायकोला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत, आणि खुशीत पाय हलवत.

"तुम्ही शिवला नाही ना? मग झालं तर," आतून उत्तर येई. गल्ली त्यांच्या बायकोला काकू म्हणे. बटणं, काजं आणि हातशिलाई हे काकूंचं खातं. लग्न झाल्यापासून ते त्यांच्याकडेच होतं.

नवं शिवायला आता कोणी येत नसे. कोणाची चेन बिघडलेली, कोणाची पँट लांब झालेली, एवढंच काम. पण त्याचं दोघांनाही वाईट वाटत नसे. खाऊनपिऊन बरं चाललं होतं, हात चालत होते, मशीनला तेल घातलं की ती अजूनही खडखडत नसे.

दुकानाच्या आतल्या भिंतीला काचेच्या दारांचं एक कपाट होतं. त्यात शिवून तयार झालेले, पण कोणी न्यायलाच न आलेले कपडे टांगलेले होते. कोणी गाव सोडून गेलं, कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कोणी कपडा टाकून विसरलं. मास्तरांनी त्यातला एकही विकला नव्हता. शिवला ज्याच्या मापाने त्याचाच, असा त्यांचा हेका.

त्यांच्या वडिलांची एक पद्धत होती. कपडा पुरा झाला, इस्त्री झाली, की सर्वांत वरच्या काजातून पांढरा दोरा ओवायचा आणि गाठ मारायची. याचा अर्थ कपडा तयार. तो दोरा गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने तोडायचा, मगच अंगात घालायचा. कपाटातल्या प्रत्येक कपड्याला असा दोरा होता. वर्षांनी पिवळट पडलेला, पण न तुटलेला.

अशा एका दुपारी नात आली. तिच्या ऑफिसात जुन्या फॅशनचा दिवस होता आणि तिला सगळ्यांवर मात करायची होती.

"आजोबा, तुमचं ते म्युझियम उघडा ना!"

"म्युझियम म्हणे! हे गिऱ्हाइकांचे कपडे आहेत."

"गिऱ्हाइकं कधी येणार? पुढच्या जन्मी?"

"आली तर त्यांना काय सांगू, नातीने पळवला म्हणून?" असं म्हणेपर्यंत मास्तरांनी खिशातून किल्ली काढलीसुद्धा. त्यांना तरी दुसरं काय हवं होतं?

दार उघडल्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या टेरिकॉटचा वास आला. एकेक हँगर बाहेर येऊ लागला आणि मास्तरांची जीभ सुटली. ही कुत्र्याच्या कानांसारखी कॉलर. वारा सुटला की गालावर फटके मारायची, तरी पोरं म्हणायची, मास्तर, अजून थोडी लांब. हा सफारी. तो आला तेव्हा साहेब कोण आणि ड्रायव्हर कोण कळेनासं झालं होतं. ही फुग्याची बाही, हिच्यात कागद भरून इस्त्री करावी लागे. हा ठिपक्यांचा फ्रॉक. एकीने शिवला आणि महिन्याभरात गल्लीतल्या सगळ्या पोरींना ठिपके उठले.

"गोवर आल्यासारखे," काकू आतून म्हणाल्या. नात हसून हसून खाली बसली.

मग तिने अगदी कडेचा हँगर काढला. कॉफी रंगाचा सूट. कोट लांब कॉलरचा, पँट बेलबॉटम, तिचा घेर एवढा की चालताना रस्ता झाडून निघावा.

"हाच! आजोबा, हाच मला पाहिजे."

मास्तरांनी तो तिच्या हातातून अलगद घेतला. "हा नाही. दुसरा कुठलाही घे."

"का?"

"हा डावऱ्याचा."

डावऱ्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. डावखुरा होता म्हणून घरीदारी तेच नाव पडलं. दोघांनीही वडिलांच्या हाताखालीच शिवण शिकली, पण डावऱ्याचा टाका उलट्या अंगाला कलायचा. दोरा कात्रीने न कापता दातांनी तोडायचा, त्यासाठी वडिलांच्या रोज शिव्या खायचा. मग बोटीवर काम मिळालं. जाताना घालायला म्हणून मास्तरांनी हा सूट शिवायला घेतला, आणि बोट ठरल्यापेक्षा एक दिवस आधी सुटली. पांढरा दोरा बांधायला आणि डावऱ्या जायला एकच गाठ पडली. सुरुवातीला पत्रं आली, मग तीही थांबली.

"आता हा दुसऱ्या कोणाच्या अंगावर चढला," मास्तर म्हणाले, "तर तो गेला असं मीच कबूल केल्यासारखं होईल. माझ्याने ते व्हायचं नाही, बाळा."

नातीने कोटावरून हात फिरवला. मग लाडात येऊन म्हणाली, "नेत नाही. नुसती पँट घालून बघते. दोरा तर कोटाला आहे."

मास्तरांना नाही म्हणता आलं नाही. आणि तसंही डावऱ्या काडीसारखा होता. तिला ती बसलीच असती.

पडद्याआडून नात आली ती पँट दोन्ही हातांनी धरून. "आजोबा, यात मी आणि आणखी एक मैत्रीण मावू! तुम्ही तर म्हणता काडीसारखे होते."

मास्तरांनी चष्मा चढवला. पँट उलटी केली, उजेडात नेली. मागच्या शिवणीत त्यांनी चांगली भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवली होती, पुढे अंग भरलं तर कापड कमी पडू नये म्हणून. ती माया सगळी उसवून वापरलेली होती. आणि एकदम नव्हे. जुन्या शिवणींच्या खुणा एकामागे एक होत्या, पाणी ओसरताना वाळूवर राहतात तशा. प्रत्येक खुणेजवळ कापडाचा रंग थोडा वेगळा. सगळी हातशिलाई. टाके उलट्या अंगाला कललेले.

पँटच्या बैठकीला चकाकी आली होती. कोणीतरी वर्षानुवर्षं खुर्चीवर बसून काम करावं तशी.

"अगं," मास्तर बायकोला म्हणाले, "हे तू केलंस?"

काकू बाहेर आल्या, त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. "मी? मला वाटलं तुम्हीच करता."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"दरवर्षी गोळ्या बदलताना खाली दोऱ्याचे तुकडे दिसायचे. झाडून टाकायचे मी. म्हटलं, मनातल्या मनात भावाला वाढवतायत. वाढवू दे." त्यांनी पँट उजेडाकडे फिरवली. "टाका उलटा आहे हे दिसलं होतं. म्हटलं, त्याच्या आठवणीने मुद्दाम तसा घालत असतील."

त्या दिवशी नात ठिपक्यांचा फ्रॉक घेऊन गेली. कुरकुरत का होईना, मास्तरांनी दिला. आणि रात्री जेवताना ते एकदम हसले.

"काय झालं?"

"पोट सुटलंय त्याला. म्हणजे खातोय-पितोय चांगला."

काकूंनाही हसू आलं. दोघांनीही पुढे काही विचारलं नाही. इतक्या वर्षांनी घरातल्या माणसाची खुशाली कळली होती. ती कुठून आली हे खोदून विचारलं तर बंद होईल, असं दोघांच्याही मनात असावं.

आता मास्तर वरचेवर कपाट उघडत. पँटची माया संपली होती, म्हणून बेलबॉटमच्या घेरातून त्यांनी एक पट्टी काढली आणि कमरेला नुसत्या धावदोऱ्याने अडकवून ठेवली. "बघू, आवडते का," असं म्हणून कुलूप लावलं.

पुढच्या वेळी पट्टी पक्की झाली होती. धावदोरा काढून त्याची छोटी गुंडाळी करून खिशात ठेवलेली होती. वडिलांनी दोघांनाही तसंच शिकवलं होतं, दोरा वाया घालवायचा नाही.

"फिनिशिंग बघ," मास्तर काकूंना म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता. "हात अजून बसलेला आहे गड्याचा."

घरात तो काळ फार छान गेला. दोघं संध्याकाळी जुन्या गोष्टी काढत. डावऱ्याने मास्तरांच्या साखरपुड्याच्या शर्टाला सगळी काजं उलट्या बाजूला कशी केली होती आणि काकूंनी तो शर्ट तसाच घालायला कसा लावला होता, तेही पुन्हा निघालं.

"तुमच्यापेक्षा त्याचं काज सुबक होतं, म्हणून," काकू म्हणाल्या.

"मग त्याच्याशीच करायचं होतंस!"

"विचारलं कुठे त्याने?"

थंडी पडली तेव्हा पँटची कंबर थोडी आत गेली.

मास्तरांनी ते काकूंना सांगितलं नाही. काकूंनी स्वतःच पाहिलं आणि त्यांनीही सांगितलं नाही. पुढच्या वेळी आणखी आत. मग कोटाच्या पाठीची शिवण आत. बाह्या वर दुमडलेल्या, पँटची लांबी कमी केलेली. टाके आता पूर्वीसारखे सारख्या अंतरावर नव्हते. हात कापत असावा.

"म्हातारा झाला हो," शेवटी काकूच म्हणाल्या.

"आपण काय तरणे आहोत?" मास्तर म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची दारात टाकली नाही.

एका सकाळी त्यांनी कपाट उघडलं. ऊन सरळ आत येत होतं. कडेचा हँगर रिकामा होता.

खाली फळीवर पिवळट दोऱ्याचा तुकडा पडला होता. मधोमध तुटलेला, गाठ अजून तशीच.

मास्तरांनी तो तळहातावर घेतला आणि बराच वेळ पाहिला. डोळे भरून आले, पण चेहरा शांत होता. गहाण ठेवलेला जीव मोकळा झाल्यासारखा.

"अगं ए," त्यांनी हाक मारली, "नेला गं त्याने. स्वतः दोरा तोडून नेला."

काकू पदराला हात पुसत आल्या. त्यांनी दोरा पाहिला, रिकामा हँगर पाहिला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "शिवला ज्याच्या मापाने, त्यालाच मिळाला."

मग त्यांची नजर पुढे गेली.

"अहो, तुमचा कोट इथे कोणी आणला?"

मास्तरांचा लग्नातला कोट घरातल्या ट्रंकेत तळाशी असे. तो आता रिकाम्या हँगरच्या शेजारी टांगलेला होता. ताजी इस्त्री केलेला.

काकूंनी तो काढला, मास्तरांच्या पाठीला लावून पाहिला. खांदे आत घेतले होते. पाठ आत घेतली होती. बाह्या आखूड केल्या होत्या.

"हा तुम्हाला व्हायचा नाही," त्या म्हणाल्या. "फार बारीक केलाय."

"आत्ता नाही व्हायचा," मास्तर म्हणाले.

त्यांनी कोट हातात घेतला. उलटा केला. टाके डाव्या अंगाचे होते, वाकडेतिकडे, पण पक्के. मापात कुठे चूक नव्हती.

वरच्या काजात पांढरा दोरा होता. पांढराशुभ्र, नवा.

"कापून टाकू?" काकूंनी हळूच विचारलं. कात्री त्यांच्या हातातच होती.

"नको. तो ज्याचा त्याने तोडायचा असतो."

मास्तरांनी गाठीवर बोट ठेवलं. गाठीपुढचा दोरा कात्रीने कापलेला नव्हता, दातांनी तोडलेला होता.

टोक अजून ओलं होतं.