डाव्या गालातला घास

मी कवळ्या बनवायचो. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं पाठवायचे, त्यांवरून मी प्लास्टरचे साचे ओतायचो, मेणात एकेक दात रोवायचो. माझी मुलगी लहान असताना कुणीही विचारलं की ठसक्यात सांगायची, "आमचे बाबा दुसऱ्यांच्या दातांवर पोट भरतात." दुरुस्तीला आलेली कवळी हातात घेतली की तिच्या मालकाने सकाळी काय खाल्लं तेही मला कळायचं. फटीत अडकलेलं अन्न, पिवळा थर, तो आंबूस वास. कामावर येणाऱ्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी हमखास ओकारी यायची आणि मी हसायचो. मला कधी किळस आली नाही.

झटका कामावरच आला. हातातला साचा निसटला, तो उचलायला मी वाकलो आणि पुन्हा सरळ होताच येईना. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा पाय सावरला होता, हातही बराच चालत होता. चेहऱ्याची डावी बाजू तेवढी परत आली नाही. ओठाचा कोपरा खाली ओघळलेला, आणि आतून गाल पार बधिर. सुई टोचली तरी कळू नये असा.

"आयुष्यभर माझ्या स्वयंपाकाला तोंड वाकडं केलंत, आता कायमचंच झालं," बायको म्हणाली. हसली, आणि लगेच दुसरीकडे बघून तिने डोळे पुसले.

बधिर गालात अन्न साचतं. आपण गिळलं असं वाटतं आणि निम्मा घास तिथेच गोळा होऊन बसतो. दवाखान्यातल्या गिळणं शिकवणाऱ्या बाईंनी मला आरशासमोर बसवून शिकवलं होतं, की जेवण झालं की बोट घालून गाल आतून साफ करायचा. नाहीतर साचलेलं श्वासनलिकेत जातं. मी प्रत्येक जेवणानंतर बेसिनपाशी उभा राहून बोट फिरवायचो. ओला, थुलथुलीत खिसा. माझ्याच तोंडात होता, पण बोटाला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा.

आणि भीती होती. त्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. दुसरा झटका येणार, या क्षणी येणार, असं बसल्या जागी वाटायचं. मी दिवसातून कितीदा तरी आरशात जाऊन हसून बघायचो, तोंड आणखी वाकलं नाही ना. आंघोळीला आतून कडी लावायची हिंमत होत नव्हती. बायको भाजी आणायला गेली की मी दारातल्या खुर्चीवर बसून राहायचो, म्हणजे पडलो तर कुणाला तरी दिसेन.

पहिल्यांदा सापडली ती संत्र्याची साल.

दुपारी मऊ भात खाल्ला होता, दुसरं काही नाही. बोट फिरवलं आणि सालीचा तुकडा बाहेर आला, चघळून चघळून पांढरा पडलेला.

"आपल्याकडे संत्री होती?" मी विचारलं.

"महिनाभरात आणली नाहीत. का हो?"

मी दाखवला. तिने नाक मुरडलं. "शेजाऱ्यांनी दिलं असेल काहीतरी. तुम्हाला आठवत नाही हल्ली."

तेही खरं होतं. मला हल्ली बरंच आठवत नसे. पण पुढे कधी मांसाची तार निघू लागली, कधी जून पालेभाजीचा देठ, एकदा तर भाजलेल्या शेंगदाण्याचा लगदा. डॉक्टरांनी मांस बंद केलं होतं, घरात ते शिजतच नव्हतं. आणि जे निघायचं ते कोमट असायचं. जेवून कितीही वेळ झालेला असो, कोमटच. बोट नाकाशी नेलं की वास यायचा. तो मला चांगला ओळखीचा होता. किडलेल्या दाढेचा वास. माझी एकही दाढ किडलेली नव्हती.

आयुष्यात पहिल्यांदा मला शिसारी आली. बेसिनवर वाकून मी ओकलो, आणि ओकताना गिळण्याच्या बाईंनी घातलेली भीती आठवून घाबरलो, आणि घाबरून आणखी ओकलो.

एक दिवस गाजराचा तुकडा आला. चावलेला नव्हता, नुसता तोडलेला. कडेवर दातांचे ठसे स्पष्ट उमटले होते. तो मी धुतला, पुसला आणि भिंग घेऊन खिडकीत बसलो. कितीतरी दिवसांनी मला मी माझ्या कामावर असल्यासारखं वाटलं. माझ्या पटाशीच्या दातांत फट आहे, ठशांत फट नव्हती. हे दात अरुंद होते, दाटीवाटीने बसलेले, त्यातला एक आडवा फिरलेला. कडा झिजून सपाट झाल्या होत्या. वय बरंच असणार. हे सगळं मी अगदी शांतपणे वाचलं, आणि मग भिंग खाली ठेवलं.

कुणाचं तरी उष्टं माझ्या तोंडात येत होतं.

मी जेवण सोडून दिलं. पेज, दूध, तेही बायकोने डोळे वटारले तर. गळ्याखालची हाडं दिसायला लागली. बायकोने मला पुन्हा दवाखान्यात नेलं आणि गिळण्याच्या बाईंना सगळं सांगितलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. बाईंनी हातमोजे चढवले, तोंडात बॅटरी मारली, गालात बोट फिरवलं.

"जेवून आलात का?"

"नाही. सकाळपासून पाणीसुद्धा नाही," मी म्हणालो.

त्यांनी मोज्यावरचा पांढरट लगदा कागदावर पुसला. "राहून जातं कधीकधी. काका, असं बघा, मेंदूला इजा झाली की भीतीलाही ताळतंत्र राहत नाही. खूप जणांना होतं. कुणाला वाटतं हात आपला नाही, कुणाला वाटतं अन्नात काहीतरी आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. बोलत राहायचं, गोळ्या घ्यायच्या, आणि जेवायचं."

त्या इतक्या मायेने बोलल्या की मला रडू आलं. माझा खरंच विश्वास बसला. घरी येताना मी बायकोला म्हणालो, "हे माझ्या डोक्यातच आहे." तिने माझा हात दाबला. पण तिनेही तो कागद बघितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "एकदा बघूनच टाकू."

तिने मला चुळा भरायला लावल्या. स्वतः बॅटरी घेऊन माझं तोंड तपासलं, स्वच्छ फडकं बोटाला गुंडाळून गाल पुसून काढला. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसलो. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. ती मटार सोलत होती. मी काही खायचं नाही, उठायचं नाही, तोंडाला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. ती मुलीच्या नोकरीबद्दल बोलली, गळक्या नळाबद्दल बोलली. मटाराचा ढीग वाढत गेला. मला बरं वाटायला लागलं. माणसाने माणसासमोर बसलं की भीती जरा लांब उभी राहते.

मग ती बोलता बोलता थांबली. हातातली शेंग तशीच राहिली.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"गाल."

मला काहीच जाणवत नव्हतं. मी उजव्या हाताने बाहेरून चाचपून पाहिलं. गाल फुगला होता. माझ्या बोटांखाली तो आणखी थोडा फुगला.

"आ करा," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

मी आ केला. तिने बोट घातलं, आकड्यासारखं वळवलं आणि ओढून काढलं. समोरच्या वाटीत ते पचकन पडलं. राखाडी, एकजीव, तारा सुटणारा लगदा. त्यावरून बारीक वाफ निघत होती. मधून एक लांब पांढरा केस बाहेर लोंबत होता.

मी तोंड फिरवलं. ती मात्र हलली नाही. ती वाटीकडे बघत राहिली.

"हे उष्टं नाही," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

"मुलीला दात आले नव्हते ना, तेव्हा मी घास चावून बारीक करायचे आणि बोटाने तिच्या तोंडात घालायचे. तो असाच असायचा. अगदी असाच." तिने मान वर केली. "कुणीतरी तुम्हाला भरवतंय."

मग ती उठून बेसिनपाशी गेली आणि हात धुऊ लागली. साबण लावून धुतले, पुन्हा लावून धुतले. नळ बंद करायचं तिला सुचत नव्हतं.

माझी आई मी तरुण असतानाच गेली. तिचे दात मला आठवतात, माझ्यासारखेच फटीचे होते. आज्जीचेही दात मला माहीत होते. मी बसून एकेक माणूस आठवून पाहिलं, गेलेलं आणि असलेलं. ते दात कुणाचेच नव्हते.

आम्ही कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? मी थुंकत राहिलो. पण थुंकलं की थोड्याच वेळात दुसरा घास यायचा, आधीच्यापेक्षा मोठा. मूल हट्ट करायला लागलं की भरवणारं माणूस करतं तसं. मी गाल बाहेरून दाबून धरला, आत कापूस कोंबला. कापूस जिभेवर ढकलला गेला आणि मागून घास आला. आता त्यात तार नसे, देठ नसे. फार काळजीने, फार वेळ चावलेलं असायचं.

आणि एका सकाळी माझ्या गळ्याने तो गिळला.

मी ठरवून गिळलं नाही. अन्नाचा कण पोटात नव्हता, तोंडात कोमट, खारट-गोड काहीतरी पसरलं, आणि गळा आपोआप वर उचलला गेला. ठसका नाही, अडकणं नाही. झटक्यानंतर इतकं सहज मी काहीच गिळलं नव्हतं.

चव वाईट नव्हती. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्यानंतर थुंकणं जमेना. थुंकायला वाकलो की गळा आधीच काम करून टाकायचा. मी बेसिनवर उभा राहून घशात बोटं घालायचो, पण जिभेवर दुसऱ्याच्या लाळेची साय राहायची, ब्रश केला तरी न जाणारी. पोटात ते असायचं. माझं रक्त, माझी नखं, माझं मांस त्यावर वाढत होतं. रात्री मी स्वतःच्या अंगावर हात ठेवत नसे.

वजन मात्र वाढू लागलं. डॉक्टर काट्याकडे बघून खूश झाले. "जे काही चाललंय ते चालू ठेवा," ते म्हणाले. गिळण्याच्या बाईंनी विचारलं, "भीती कशी आहे आता?" मी म्हणालो, कमी आहे. ते खरं होतं. दुसरा झटका येईल असं मला आताशा वाटत नाही. आरशातही मी फारसा जात नाही. कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे हे माहीत असल्यावर माणूस कशाला घाबरेल?

बायकोने स्वतःचं ताट बाहेरच्या खोलीत न्यायला सुरुवात केली. आधी सबब सांगायची, नंतर तीही बंद केली. माझा पेला, माझा टॉवेल वेगळा झाला. माझ्याशी बोलताना ती माझ्या कपाळाकडे बघते. मी तिला दोष देत नाही. मी तिच्या जागी असतो तर एवढंही जमलं नसतं.

काल दुपारी ती बऱ्याच दिवसांनी टेबलाशी येऊन बसली. दोन्ही हात पुढ्यात ठेवले.

"मुलीकडे जाऊन येते थोडे दिवस," ती म्हणाली.

"जा ना."

"तुमच्या जेवणाचं..." ती म्हणाली.

मी काही म्हणणार होतो, पण तोंड भरलेलं होतं. मी गिळलं. तिने मला गिळताना पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिचे दोन्ही हात तिथेच होते, टेबलावर, एकमेकांत घट्ट अडकवलेले.

तेव्हा माझ्या डाव्या ओठाच्या कोपऱ्यावरून एक अंगठा फिरला. जिथे सुई टोचली तरी कळत नव्हतं, तिथे तो मला अगदी स्वच्छ कळला. सावकाश, नेटका, लागलेलं सगळं टिपून घेणारा.

आणि तो थुंकी लावून ओला केलेला होता.