दहाव्याचा खेळ

सेल लागला की आमच्या स्नेहलला माझी आठवण व्हायची.

सेल म्हणजे साड्यांचा नव्हे बरं का. कॉम्प्युटरवरच्या खेळांचा. दिवाळीच्या सुमाराला एक लागतो, थंडीत एक, उन्हाळ्यात एक. तेव्हा ही माझी नात पडवीत लॅपटॉप मांडून बसायची आणि हाक मारायची, "आजे, चल गं निवडायला!" मी सूप घेऊन तिच्या शेजारी जाऊन टेकायची. सुपात कधी तूर, कधी मठ. ती तिकडं खेळ निवडायची, मी इकडं खडे.

निवडलेल्या खेळांचे ती व्हिडिओ करायची, आपल्या मराठीतून. कुठकुठली पोरं तिचं ऐकून खेळ घ्यायची. तिची निवडायची एक रीत होती. मोठ्या कंपन्यांचे खेळ कॉम्प्युटरवरच्या त्या दुकानाच्या तोंडाशीच मांडलेले असतात, त्यांच्याकडं ती बघायचीच नाही. थेट मागच्या पानांवर जायची. एकट्यादुकट्या माणसानं घरात बसून बनवलेले खेळ तिला हवे असत. "ही झाडं बघ आजे, हातानं काढल्यात." लोकांनी घातलेल्या शिव्या आधी वाचायची, कौतुक नंतर. बनवणारा शिव्या खाऊन गप बसतो का मोडलेलं दुरुस्त करतो, ते बघायची. मग घेऊन थोडा वेळ खेळायची. दुकानाचा नियमच होता, दोन तासांच्या आत खेळ परत देता येतो. हात रमला नाही की परत.

"आन तू कंटाळलीस का मी समजते, ह्या खेळात दम न्हाई."

"मला काय कळतंय गं त्यातलं?"

"म्हनून तर तुला बसवते."

हे वेड तिला तिच्या भावानं लावलं. गहिनीनाथ त्याचं नाव. लहानपणी घरात एकच कॉम्प्युटर, आणि खेळ दोघांचा. पुढं तो, मागं ती. मध्येच अंबिकेनं, म्हणजे माझ्या सुनेनं, स्नेहलला भाकरी भाजायला बोलावलं की तो खेळ थांबवून ठेवायचा. पोरगं मग बोटसुद्धा हलवायचं नाही. "स्नेहे, तू आल्याबिगर मी म्होरं जात न्हाई!" अशी त्याची आरोळी चुलीपर्यंत यायची. अंबिका म्हणायची, "ह्यांच्या खेळापायी माझ्या भाकरी करपत्यात."

पुढं तो नगरला कंपनीत लागला, केडगावात खोली घेतली आणि कामावरून आला की स्वतःचाच एक खेळ बनवत बसायचा. दाखवायचा मात्र कुणाला नाही. "पुरा झाल्यावर स्नेहलला पयला," म्हणायचा. गेल्या सालच्या चैत्रात पुणे रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलीला टेम्पोनं उडवलं. पाठीवरच्या पिशवीत त्याचा लॅपटॉप होता. त्याचा चुरा झाला.

दहावा आमच्या पुणतांब्यालाच केला, गोदावरीच्या घाटावर. पिंड मांडला आणि सगळे लांब झाले. भिंतीवर कावळ्यांची रांग बसलेली. शेजारी दुसऱ्या कुणाचा दहावा होता, तिथं पिंड ठेवायचा अवकाश, कावळे तुटून पडले. आमच्याकडं एक फिरकेना. माझा मुलगा राधाकृष्ण पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "बाळा, स्नेहलचं लगीन थाटात करतो. काळजी सोड." कावळा हलेना. अंबिका म्हणाली, "मी रडनार न्हाई रे. येळच्या येळी जेवीन." हलेना. मित्र म्हणाले, तुझा खेळ आम्ही पुरा करू. मी म्हणाले, घराकडं मी बघते. एका कावळ्यानं मान तिरकी करून आमच्याकडं पाहिलं, एवढंच. ऊन माथ्यावर आलं. भाताला आंबूस वास सुटला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "उठा आता. मागं वळून बघू नका."

आईला विचारलं, आजीला विचारलं. स्नेहल मागं पोरींच्यात उभी होती. लग्नाच्या पोरीला तिथं पुढं कोण बोलावतं?

त्याच वर्षी थंडीतला सेल लागला. दुपारची वेळ. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या कर्णे वाजवत कारखान्याकडं चाललेल्या. घरात पेरूच्या पाट्या भरून ठेवलेल्या, त्यांचा गोड वास दाटलेला. भाऊ गेल्यापासून पोरीनं लॅपटॉप उघडला नव्हता, त्या दिवशी उघडला. मला बरं वाटलं. मी मठाचं सूप घेऊन बसले.

मागं मागं जात ती अगदी शेवटच्या पानावर पोचली. तिथं तिचा हात थांबला.

"आजे, ह्याचं नाव मराठीत हाय."

"काय नाव?"

"दहावा."

चित्रात दगडी पायऱ्या होत्या आणि एक कावळा.

"एकट्यानंच बनवलाय," ती म्हणाली. "याच महिन्यात आलाय. कुनी शिव्या घातल्या न्हाईत, कौतुक न्हाई. कुनी घेतलेलाच दिसत न्हाई गं. चहाच्या किमतीत हाय. घेऊ?"

"नाव चांगलं न्हाई पोरी."

"नावावरून खेळ सोडायचा नसतो, आजे."

तिनं घेतला.

गाणं नाही, बाजा नाही. नुसतं पाण्याचं चुबुक चुबुक आणि लांबून कावळे. हळूहळू पडद्यावर उजेड आला आणि माझा हात सुपात तसाच राहिला. घाट आमचाच होता. खालून चौथी पायरी एका कोपऱ्याला फुटलेली, तिच्यावर नाव बांधायची लोखंडी कडी. डोक्याला उपरणं गुंडाळून राधाकृष्ण उभा. तोंडाला पदर लावून अंबिका. आणि एका कडेला एक म्हातारी, उजवा पाय लांब पसरून बसलेली. माझा गुडघा वाकत नाही, मी सगळीकडं अशीच बसते.

मागं, पोरी उभ्या होत्या तिथं, कुणीच नव्हतं. खेळणाऱ्यानं तिथूनच बघायचं होतं.

"आजे..." स्नेहलचा आवाज बारीक झाला. "हा दादानं बनवलाय का गं? त्याच्या मित्रांनी पुरा केला असंल..."

"पोरी, दहावा तो गेल्यावर झाला. त्यानं कुठून बघितला?"

ती पडद्याजवळ सरकली. तिचं तोंड उजळलं होतं. कितीतरी महिन्यांनी मी ते तसं पाहिलं. तिनं पडद्यावरची अक्षरं वाचली, "काय राहिलं, ते बोला." लॅपटॉपच्या कडेला बारीक हिरवा दिवा लागला.

"खेळ ऐकतोय," ती म्हणाली. "बोलायचं हाय. कावळा शिवला का म्होरं जायचं, असं दिसतंय."

तिनं बापाचं म्हणणं म्हटलं, आईचं म्हटलं. कावळा मान तिरकी करून बघत राहिला. अगदी त्या दिवशीसारखा. रस्त्यावरचे कर्णे कधी बंद झाले मला कळलं नाही. पेरूचा वास गेला होता. पडवीत आंबलेल्या भाताचा वास येत होता.

"बंद कर," मी म्हणाले. "तू म्हनतीस ना मागारी देता येतो. दे मागारी."

"थांब ना आजे. कावळा तरी शिवू दे. त्याचा जीव अडकलाय गं तिथं..."

आणि त्याच वेळी मला उमगलं. काय राहिलं ते. सगळ्या घाटाला उमगलं नव्हतं, कारण जिला विचारायचं तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या डोक्यात ते यायच्या आत बोलायला हवं होतं. मी सूप बाजूला सारलं आणि पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "गहिनी, मी येते रे तुझ्यासंगं. म्हातारीला ने. पोरीला सोड."

कावळ्यानं मान वळवली. पडद्यातून सरळ माझ्याकडं. बघितलं. पण जागचा उठला नाही.

"असं काय बोलतीस?" स्नेहल माझ्याकडं बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. तिलाही कळलं होतं. मी तिच्या तोंडावर हात ठेवायला पुढं झाले, पण हा गुडघा... मी उठेपर्यंत ती बोलली. हळूच, त्याच्या कानात सांगावं तसं.

"दादा... मी येते. तू मी आल्याबिगर म्होरं जाऊ नको."

कावळा उडाला. पिंडाला शिवला. आमच्या पडवीच्या पत्र्यावर काहीतरी जड धपकन बसलं आणि नखं फरफटली.

स्नेहल रडत होती आणि हसतही होती. "शिवला, आजे! शिवला!" पडद्यावरची माणसं एकेक करून पायऱ्या चढून निघून गेली, मागं न बघता. म्हातारी तेवढी तिथंच बसून राहिली.

मी तिच्या हातापाया पडले तेव्हा तिनं खेळ मागारी द्यायला दुकान उघडलं. खेळ सापडेना. शेवटच्या पानावर नव्हता, तिनं घेतलेल्यांत नव्हता. "घेतलेला नाही म्हनतंय," ती म्हणाली. "मग मागारी काय देऊ?"

मी राधाकृष्णाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, पोरगी इतक्या महिन्यांनी हसली. तुझं आपलं काहीतरी." त्यानं लॅपटॉप काढून घेतला नाही.

तरी तिनं त्या खेळाचा व्हिडिओ केला. सगळ्या सेलमध्ये ह्याच्यासारखा खेळ नाही म्हणाली. पोरांनी लिहिलं, ताई, असा खेळ कुठंच दिसत नाही, आणि तुमच्या व्हिडिओत नुसता काळा पडदा आहे. तिला त्याचं काही वाटलं नाही. दिवसभर ती पडद्यापुढं बसायची, बोटं कळांवर ठेवून. जेवायला हाक मारली की म्हणायची, "आले. तो थांबलाय." जेवण तसंच राहायचं. लोणीच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही. एकदा मीच लॅपटॉप उचलून पेरूच्या पाट्यांखाली दडवला. ती रागावली नाही. रिकाम्या पाटावर बोटं हलवत बसून राहिली.

भोगीच्या दिवशी अंबिका भाजी निवडत होती. स्नेहल दोन पेरू घेऊन बाहेर पडली. "कुठं गं?" तर म्हणाली, "हितंच." गहिनीला पेरू फार आवडायचे.

ती घाटावर सापडली. फुटक्या पायरीवर बसलेली, पाय पाण्यात. पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एक पेरू मांडीवर होता, दुसरा शेजारी पायरीवर, अर्धा खाल्लेला. त्याला दोन बाजूंनी दात लागले होते, आणि दोन्हीकडचे दात सारखे नव्हते. ते मी पाहिलं. राधाकृष्णानंही पाहिलं, आणि पेरू नदीत फेकून दिला.

तिच्या दहाव्याला पिंड ठेवून हात काढायच्या आत कावळा आला. कुणाला काही बोलावंच लागलं नाही. शेजारची लंकाबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सुटली गं पोर. तिचं काई मागं न्हाई ऱ्हायलं." सगळ्यांना तेवढाच दिलासा. कावळा खाता खाता थांबला होता आणि मान तिरकी करून माझ्याकडं बघत होता.

लॅपटॉप अंबिकेनं कापडात बांधून फळीवर ठेवला. त्याला वायर नाही, काही नाही. त्यातली वीज केव्हाच संपली.

आता पुन्हा थंडी पडली. पेरू पिकले. स्नेहल असती तर म्हणाली असती, आजे, सेल लागला. तीन दिवसांमागं फळीवर टिंग असं वाजलं. घरात कुणी नव्हतं. कापडातून उजेड येत होता. मी खाली काढला. मला वाचता येत नाही, पण चित्र कळतं. घाट आहे. फुटक्या पायरीवर दोघं शेजारी शेजारी बसलेत, पाठमोरे, पाय पाण्यात. काही हलत नाही. पाणीसुद्धा नाही. त्यांनी खेळ थांबवून ठेवलाय.

पोरीला सोड म्हणाले, ते त्यानं ऐकलं नाही. त्याच्या आधीचं ऐकलं, मी येते म्हणाले ते.

कंदील जरा मोठा करा आणि तिकडं बघा, भिंतीशी. उजेड दिसतोय ना? लाईट तर दुपारपासून गेलीय. परवा चित्रातली ती म्हातारी कडेला होती, पाय पसरून. काल दोन पायऱ्या खाली आली, पण बसूनच. आज सकाळी बघितलं तर ती उभी आहे. दोन्ही पायांवर सरळ.

आणि इतकी वर्षं ठणकणारा माझा हा गुडघा सकाळपासून दुखत नाही. मघाशी तुम्ही आलात, तेव्हा दार उघडायला मी कशी उठले, बघितलंत ना?