तीन हातांचे अंतर

सोंडगडाच्या पूर्वेच्या बुरुजावर उन्हाची पहिली तिरीप पडली, तेव्हा खालच्या खोऱ्यात धुके अजून साठलेले होते आणि त्यातून गनिमाच्या मोर्च्यांचा धूर तेवढा वर येत होता. वेढ्याला चौथा महिना लागला होता. नगारा झडला, दरवाजावरचे पहारे बदलले, आणि एरवी ज्या वेळी गडावर जात्यांची घरघर ऐकू यायची त्या वेळी आज माणसे मुक्याने सदरेसमोर गोळा झाली. कारण ठकू परटिणीचा निवाडा व्हायचा होता आणि तो काय होणार हे सर्वांना ठाऊक होते. फितुराला कडेलोट.

किल्लेदार हैबतराव सुर्वे सदरेवर बसले. चिकाच्या पडद्याआड त्यांची लेक मथुरा उभी होती. नवरा मोहिमेवर गेला म्हणून ती वर्षापूर्वी माहेरी आली होती, ती इथेच अडकली.

सबनीस नारोपंतांनी एक गाठोडे पुढे ठेवले. "सरकार, ही बाई पश्चिमकड्यावरून अशी गाठोडी खाली टाकते. खाली गनिमाचा मोर्चा. काल पहारेकऱ्याने हात धरला. गाठ मी सोडलेली नाही, सदरेपुढेच सुटावी. धुण्याची ही नवी रीत आम्हांस तरी ठाऊक नाही."

गर्दीत कोणी खुसखुसले.

"ठकू, कोणाचे हे?" हैबतरावांनी विचारले.

"सांगता येत न्हाई, धनी."

"आत काय आहे?"

"धुणं."

"मग सोडून पाहू," नारोपंत वाकले.

"पुरुषाच्या हातानं सोडू नका, पंत." ठकूचा आवाज शांत होता. "मला लोटा कड्यावरनं, पण ते सोडू नका. मला शपथ घातलीया."

मथुरेची नजर गाठोड्याच्या काठावर गेली. अंजिरी लुगडे, रुईफुलाचा काठ. ते तिने ओळखले. ते तिच्या आईचे, आईसाहेबांचे होते.

आईसाहेबांची पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. मथुरा माहेरी आली त्याच महिन्यात आईसाहेब एके सकाळी हसत म्हणाल्या होत्या, "म्हातारपणी कावळा शिवला गं मला. आता पुन्हा न्हाणवलीस तर गोडाचे जेवण घालीन." बायका हसल्या, मथुराही हसली. आईसाहेब रिवाजाप्रमाणे बाहेरच्या खोलीत बसल्या, तीन दिवस. पुढे ते तीनाचे सहा झाले, मग पंधरा, मग त्या खोलीतून बाहेर येईनाशा झाल्या. विटाळ म्हणून कोणी शिवले नाही, जवळ बसले नाही. मथुरेने रोज तीन हातांवरून पान सरकवले आणि अर्धे उष्टे उचलले. खोलीत ऊद जळे. आईसाहेबांना उदाची आवड, एवढेच तिला वाटले.

नारोपंतांचा हात गाठीवर गेला तेव्हा मथुरा चिक सारून बाहेर आली. पदर सावरण्याचेही तिला सुचले नाही. शंभर माणसांदेखत ती ठकूशेजारी बसली आणि तिने गाठ सोडली. वास पसरला. पुढची माणसे मागे सरली.

"आबासाहेब," ती म्हणाली, "यात खलिता नाही. हे आईसाहेबांचे आहे. वर्षभर त्यांना रक्त जाते आहे, आणि मांस धुतल्यासारखे घाण वासाचे पाणी. टाक्यावर धुतले तर कळेल म्हणून फेकायला लावले. ठकूने फितुरी केलेली नाही. तिला जे कळत होते ते तीन हातांवरून मला कळले नाही."

हैबतरावांनी ठकूला सोडण्याची खूण केली. मग त्यांनी स्वतःचा शेला काढून त्या गाठोड्यावर घातला.

दुपारी गडावरून पांढरे निशाण घेऊन जासूद उतरला. पायथ्याच्या गावात भागू सुईण होती, साऱ्या खोऱ्यात तिचा हात नावाजलेला. वेढा घालणाऱ्या सरदाराने तिला पालखीतून धाडले आणि निरोप दिला, "वेढा गडाला आहे, बायकांना नाही."

भागूने दार लावून आईसाहेबांना तपासले. हात धुवायला बाहेर आली ती बराच वेळ धूतच राहिली.

"गर्भाच्या पिशवीच्या तोंडाशी गाठ हाय. फुटलीया," ती म्हणाली. "कवापासनं?"

"वर्ष झाले," मथुरा म्हणाली. "आम्हांला वाटले विटाळ. आधी पांढरे जाई, तेव्हा धुपणी म्हणालो. धुपणी सगळ्यांनाच असते."

"असती की. पांढरी, पातळ, बिनवासाची असली तर भ्यायचं काम न्हाई. पर दह्यागत फुटकी येऊन खाज सुटली, नाहीतर हिरवी-पिवळी झाली, वास मारला, ओटीपोटात कळ येऊन ताप भरला, तर ती धुपणी न्हवं, ते दुखणं. तवा दाखवायचं. आन् पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंब जरी दिसला, तर त्याच दिवशी दाखवायचं. तो विटाळ नसतोच, बाई."

"तेव्हा बोलावले असते तर?"

भागूने पदराला हात पुसले. "माझ्या हातात किती होतं ते देव जाणं. पर बघितलं असतं."

मथुरा आत गेली. आईसाहेबांनी डोळे उघडले. "शिवू नकोस गं," त्या सवयीने म्हणाल्या. मथुरेने त्यांचे डोके मांडीवर घेतले. ते इतके हलके असेल असे तिला वाटले नव्हते.

"ठकूवर रागावू नकोस. शपथ मीच घातली," आईसाहेब म्हणाल्या. "तुझ्या बापाला काय सांगायचे होते? कोणत्या तोंडाने?"

त्या आणखी नऊ दिवस जगल्या. मथुरा क्षणभरही उठली नाही, पण दुखणे तिच्या हाताखालून पुढे पुढे सरकत गेले. दहाव्या दिवशी उजाडता तोफ न वाजता वेढा उठला. गनिमाची रसद तुटली होती. गडावर विजयाची नौबत वाजायची होती, ती हैबतरावांनी थांबवली.

लग्न झालेल्या लेकीला आईचे सुतक तीन दिवसांचे. ते तीन दिवस मथुरा त्याच बाहेरच्या खोलीत बसली. जेवणाच्या वेळी दार किलकिले होई, आणि कोणाचा तरी हात तीन हातांवरून पान आत सरकवी.