खिडकीकडची कूस

न्यायापुढे सगळी माणसं सारखी असतात. अंथरुणाला खिळलेली तर जरा जास्तच सारखी असतात, कारण ती उठून कोर्टात येत नाहीत आणि गेल्यावर साक्षही देत नाहीत. वकीलसाहेबांची सगळी प्रॅक्टिस या दुसऱ्या वाक्यावर उभी होती.

म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थांवर हलगर्जीपणाचे दावे लागायचे आणि वकीलसाहेब संस्थांच्या बाजूनं उभे राहायचे. पडून मोडलेला खुबा, भलत्याच माणसाला दिलेली गोळी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पाठीच्या जखमा. अंथरुणावरच्या माणसाला ठरावीक वेळानं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवावं लागतं. नाही वळवलं तर कातडी लाल होते, मग काळी पडते, मग आतलं दिसायला लागतं. पुस्तकी भाषेत याला शय्याव्रण म्हणतात. वकीलसाहेबांना हा शब्द फार आवडायचा. त्याला वास येत नाही.

सध्याचा दावा एका लेकीचा होता. तिची आई शुश्रूषागृहाच्या वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, अशाच जखमांनी गेली होती. लेकीची मागणी मात्र चमत्कारिक होती. तिला भरपाई नको होती. 'आम्ही तुमच्या आईला वळवलं नाही' एवढं संस्थेनं कबूल करावं, दावा लगेच मागे घेते, असं ती म्हणत होती.

"भरपाई मागणारा माणूस परवडला," वकीलसाहेब मॅनेजरला म्हणाले. "त्याच्याशी घासाघीस तरी करता येते. हिला खरं हवंय. ते आता कुठून आणायचं?"

मॅनेजर अदबीनं हसला. तो सगळंच अदबीनं करायचा.

संस्थेतर्फे एका आयाची साक्ष होती. लेकीची आई, म्हणजे त्या आजी, होत्या तेव्हा तो मजला तिच्याकडे होता. वकीलसाहेबांनी तिला तालमीसाठी ऑफिसात बोलावलं. दाव्याचा कागद समोर धरून त्यांनी कोर्टातल्या आवाजात विचारलं, "आपण रुग्णाचं नियमित पार्श्वपरिवर्तन करत होतात, हे खरं आहे का?"

आया ताडकन उठली. "तसलं मी कधी कुणाचं केलेलं नाही. सांगून ठेवते. घरंदाज बाई आहे मी."

"अहो, कूस! कूस बदलत होतात का?"

"मग असं मराठीत विचारा की." ती परत बसली. पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. "त्या आजींची काही फार नाही बदलली गेली, साहेब. सगळा मजला आणि मी एकटी. हात पुरायचे नाहीत. आता मात्र त्या खोलीत बदलावी लागत नाही."

"लागत नाही म्हणजे?"

"म्हणजे भरवायला जाते तेव्हा बदललेली असते."

वकीलसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. साक्षीदाराचं जे वाक्य कळत नाही ते बचावाच्या वकिलानं दुसऱ्यांदा विचारू नये, हे ते जुनिअरांना शिकवत असत. दुसरी कोणी बदलत असेल, असं त्यांनी धरून टाकलं.

त्यात त्यांना थोडा रसही होता, कारण त्या खोलीत, त्याच खाटेवर, आता त्यांचे वडील होते.

अण्णांचं एक अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. घरी दिवसभर कोणी नसे. मॅनेजरनं आपण होऊन सगळ्यात उजेडाची खोली देऊ केली. तिथं कोण गेलं होतं हे वकीलसाहेबांना पुरतं ठाऊक होतं. पण गेलेल्या माणसाचा खाटेवर काही हक्क राहत नाही, एवढा कायदा त्यांना येत होता. शिवाय ते सोयीचंही होतं. 'ही संस्था इतकी बेपर्वा असती, तर मी माझ्या जन्मदात्याला तिच्या हवाली केलं असतं का?' हे वाक्य त्यांनी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. 'जन्मदात्या'पाशी गळा जरासा दाटून यायचा. तो त्यांनी तसाच ठेवला.

आणि अण्णांची पाठ खरोखरच बघण्यासारखी होती. तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी चादर दूर करून वकीलसाहेबांना मुद्दाम दाखवली. "तान्ह्या बाळाची असते अशी," ते म्हणाले. "इथं अशी पाठ मी दुसरी बघितली नाही." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

वकीलसाहेब कोर्टात जाण्याआधी अण्णांकडे डोकावायचे. खोली लहान, स्वच्छ, फिनेलच्या वासाची. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला पिवळट भिंत, मध्ये खाट. गादीत हवा भरणारा पंप खाटेखाली मांजरासारखा घुरघुरत असायचा. अण्णा डोळे उघडे ठेवून पडलेले असायचे.

एके दिवशी ते बोलले.

"खिडकी."

इतक्या महिन्यांत पहिला शब्द! वकीलसाहेब धडपडत उठले, त्यांनी खिडकी सताड उघडली. अण्णांनी तिकडे बघितलंही नाही.

पुढच्या खेपेला अण्णा खिडकीकडे तोंड करून होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "भिंत."

"अण्णा, भिंत नाही हो उघडता येत," वकीलसाहेब म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. तेवढ्यात फोन वाजला. ते पाठ फिरवून बोलत राहिले, तारीख मागून घेतली, फोन ठेवला, वळले.

अण्णांचं तोंड भिंतीकडे होतं.

पाठीमागे उशी नीट खोचलेली होती. दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी उशी. पांघरूण खांद्यापर्यंत ओढलेलं. घोट्याखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी होती, टाच गादीला टेकू नये म्हणून, आणि तिचं टोक आत दुमडून खोचलेलं होतं. या खोलीचं दार कुरकुरायचं. ते कुरकुरलेलं नव्हतं.

वकीलसाहेब बाहेर जाऊन आले. मजल्यावर कोणी नव्हतं. परत येऊन त्यांनी अण्णांच्या पाठीमागची चादर चाचपली. एका जागी ती कोमट होती. तळहाताएवढ्या जागी.

आया येऊन गेली असणार, ते मनाशी म्हणाले. फोनवर आपल्याला जग दिसत नाही, ही बायकोची तक्रार त्यांना पहिल्यांदाच पटली.

त्यानंतर ते मुद्दाम खुर्ची ओढून, डोळे लावून बसायचे. बघत असताना काही व्हायचं नाही. शिंक आली, चष्म्याची काडी सापडेना, खाली कुणी हॉर्न वाजवला, की तेवढ्यात झालेलं असायचं. चोरासारखं नव्हे. उलट, परक्या पुरुषासमोर काम करायला संकोचणाऱ्या घरातल्या बाईसारखं.

ही उपमा सुचल्यावर त्यांनी येणं कमी केलं. बघणं ही शेवटी संस्थेची जबाबदारी होती.

कोर्टानं खोलीची पाहणी करायला कमिशनर नेमली, पाहणीचा दिवस ठरला. कमिशनर बाई टेप आणि पॅड घेऊन भर दुपारी आल्या. मॅनेजरनं चहा मागवला. लेक वकिलाशिवाय एकटीच आली होती. साधी, चाळिशीची, मुलांना गणित शिकवणारी बाई. खोलीच्या उंबऱ्याशी ती जराशी थबकली. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदाच इथे येत होती.

"या ना आत," वकीलसाहेब यजमानासारखे म्हणाले. "हे माझे वडील. मुद्दाम इथंच ठेवलंय. बघा त्यांची पाठ. कमिशनर मॅडम, आपणही बघा."

कमिशनर बाईंनी बघितली आणि काहीतरी लिहिलं. लेकीचं लक्ष पाठीकडे नव्हतं. ती अण्णांच्या पायांशी उभी होती.

"ही गुंडाळी कोणी ठेवली?"

"कर्मचाऱ्यांनी," वकीलसाहेब म्हणाले.

"टोक आत खोचून?"

"प्रशिक्षण दिलेलं असतं."

 लेकीचा हात त्या टॉवेलकडे गेला आणि मध्येच थांबला.

"खिडकी," अण्णा म्हणाले.

"त्यांना मोकळी हवा लागते," वकीलसाहेबांनी खुलासा केला आणि ते खिडकीकडे निघाले.

"ते उघडायला नाही सांगत," लेक म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली गेला होता. "माझी आजी आठ वर्षं अंथरुणावर होती. सगळं आईनं केलं. वळवायच्या आधी आई तिला सांगायची, दचकू नये म्हणून. या कुशीला वळवताना 'खिडकी'. त्या कुशीला 'भिंत'. ते सांगत नाहीयेत. ते नुसतं ऐकलेलं परत म्हणतायत."

पंप घुरघुरत होता.

अण्णांच्या कमरेखालची चादर ताणली गेली.

या वेळी सगळे बघत होते. अण्णांचा खांदा उचलला गेला, मग कंबर, एका दमात, धक्का न बसता. सवयीच्या हातांनी वळवावं तसे ते खिडकीकडे वळले. उशी सरकत त्यांच्या पाठीशी आली. तिच्या मधोमध एक खळगा पडला, जरा वेळ राहिला आणि भरून आला.

अण्णांनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटत होतं.

कमिशनर बाईंनी चष्मा वर केला. "हे... स्वतःहून वळतात का?"

 मॅनेजरनं हातातला चहाचा ट्रे अदबीनं खाली ठेवला.

लेक वकीलसाहेबांकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोलणं स्वच्छ होतं. "आईसाठी कोणी आलं नाही. आणि ती अजून इथं राबतेय. एकदाच सांगा, साहेब. यांना इथं कोण वळवतं? 'आमचं कोणी वळवत नाही' एवढं म्हणा. तिच्या वेळीही वळवलं नाही, म्हणा. मी आत्ता दावा मागे घेते. तिला इथं राहू देते, हवं तर."

वकीलसाहेबांनी तोंड उघडलं. खरं उत्तर अगदी जिभेवर होतं आणि चार शब्दांचं होतं. पण कमिशनर बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं, आणि इतक्या वर्षांची सवय जिभेपेक्षा चपळ होती.

"संस्थेचे प्रशिक्षित कर्मचारी," ते म्हणाले. "नियमितपणे."

पेन चाललं.

 लेक खाटेपाशी गेली, अण्णांच्या पलीकडे, जिथे कोणी नव्हतं तिथे बघून, आईला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "ऐकलंस ना आई? त्यांच्याकडे माणसं आहेत. तू आता झोप."

खोलीत काही झालं नाही. फक्त अण्णांच्या घोट्याखालची गुंडाळी हळूहळू उलगडली आणि नुसता टॉवेल होऊन पडली.

लेक कमिशनर बाईंबरोबर निघून गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजल्या, मग वाजेनाशा झाल्या.

"छान झालं, साहेब," मॅनेजर म्हणाला. "आपलं म्हणणं रेकॉर्डवर आलं."

वकीलसाहेब खुर्चीत बसले. फोन वाजला, तो त्यांनी घेतला नाही. पण मुद्दाम पाठ फिरवली. भिंतीवरचा पोपडा बघितला. खोकले. खाली कुणीतरी हॉर्न वाजवला. ते वळले.

अण्णा खिडकीकडेच होते.

ऊन त्यांच्या तोंडावर आलं. गालावरून कपाळावर गेलं. त्यांनी डोळे उघडले.

"भिंत," अण्णा म्हणाले. या वेळी ते सांगत होते.

पंप घुरघुरत होता.

"भिंत."

वकीलसाहेब उठले. बाह्या वर केल्या, खाली वाकले. एक हात खांद्याखाली घातला. दुसरा कमरेखाली घालायचा की गुडघ्यांखाली, ते कळेना. ओढायचं की ढकलायचं, तेही कळेना. या एका गोष्टीवर ते तासन् तास युक्तिवाद करत आले होते. त्यांनी जोर लावला. अण्णा अर्धवट उचलले गेले, कण्हले आणि पुन्हा तसेच, त्याच कुशीवर, पडले.

वकीलसाहेबांनी उशाशी लोंबणारं घंटीचं बटण दाबलं. लांब, कॉरिडॉरच्या टोकाला घंटी वाजली. त्यांनी ते दाबूनच धरलं.

मॅनेजर दारात अदबीनं उभा होता.

"कोणी यायचं नाही, साहेब," तो म्हणाला. "या मजल्याची आया आम्ही केव्हाच खाली घेतली, आता भरवण्यापुरती वर येते. वर गरजच पडत नव्हती ना."