पाठीवरचा हूक

सांडपाण्याच्या विहिरीतून धाकट्याचं प्रेत वर काढलं, तेव्हा त्याच्या अंगावर सुरक्षेचा पट्टा होता. पट्ट्याच्या हूकला दोर होता. दोराचं दुसरं टोकही त्याच्याबरोबर गाळात पडलेलं.

साऱ्या वस्तीच्या मोऱ्या आणि संडास या पंपघराच्या विहिरीत येऊन रिकामे होतात. इथून पंप ते पाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांकडे ढकलतात. पंपात चिंध्या अडकल्या की कुणाला तरी खाली उतरावंच लागतं. रस्त्यानं नाक दाबून जाणाऱ्यांना याची गंधवार्ता नसते. काम दोघा भावांचं होतं.

"एकटाच उतरला," थोरला पोलीस इन्स्पेक्टर बाईंना म्हणाला. त्याच्या मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. "मी बाजारात होतो."

"कशाला?"

"वॉशर आणायला."

"आणलेत?"

"दुकान बंद होतं, मॅडम."

विहिरीत ताजी हवा सोडणारा पंखा बंद होता. त्याचं बटण वर, काठाजवळच्या भिंतीवर. बाईंनी ते दाबलं. असा खडखडाट सुरू झाला की शेजारचं बोलणं ऐकू येईना. त्यांनी तो बंद केला आणि ओट्यावर बसलेल्या आईकडे वळल्या.

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"दुपारी थोरल्याला फोन लावला. धाकट्याच्या अंगात कणकण होती हो. म्हटलं, त्याला आज खाली उतरवू नकोस. हा म्हणाला, नाही गं, बसलाय इथंच."

"नीट ऐकू आलं?"

"हो ना. नुसतं विहिरीत पाणी पडत होतं. पंखा चालू नव्हता, म्हणून मी निर्धास्त झाले." आईनं बाईंचा हात धरला. "माझ्या लेकराला एकटं टाकून कोण गेलं, तेवढं शोधा."

बाईंनी भिंतीवरचा दुसरा पट्टा उतरवून स्वतः चढवला. हात मागं नेला. हूक दोन्ही खांद्यांच्या मधोमध होता. काही केल्या बोटं पोचेनात.

"हा दुसऱ्यानंच लावावा लागतो," त्या थोरल्याला म्हणाल्या. "म्हणजे दुसरा माणूस इथं होता. बाजारात विहिरीचं पाणी पडत नाही. फोन घेतलात तेव्हा तुम्ही याच काठावर होतात. धाकटा आधीच खाली उतरलेला. पंख्याचा आवाज ऐकला की आईला कळणार, म्हणून तुम्ही पंखा बंद केलात. खाली तो गाळ ढवळत होता. त्यातून विषारी वायू सुटतो. मुठी उघडा."

थोरल्यानं मुठी उघडल्या. दोन्ही तळवे दोरानं सोलले होते.

"खूप ओढलं," तो म्हणाला. "नाही आला वर. मग दोर आत टाकला."

"खोटं का बोललात?"

थोरला हुंदके देऊ लागला. "मी गुन्हेगार आहेच, मॅडम. कुठंही न्या. पण हे तिच्यासमोर कशाला बोललात?"

बाईंनी वळून आईकडे पाहिलं. आपण कुणाकुणाला दोषी ठरवून बसलो, ते त्यांना आता कळलं.

"मी फोन केला नसता तर..." आई म्हणाली. ती उठली, थोरल्याला घट्ट कवटाळलं आणि त्याच्या खांद्यावरून बाईंकडे पाहिलं.

"बाई, आता यालाही नेणार?"

न्यावंच लागणार होतं.