तुरटीचा खडा

गढूळ पाणी कसं निवळतं, हे कोमलला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. पावसाळ्यात कयाधू नदीचं पाणी चहासारखं यायचं. तिची आई पार्वतीबाई हंड्यात तुरटीचा खडा गरगर फिरवायची आणि दटावायची, "आता कुणी हात लावू नका, बसू द्या त्याला." थोड्या वेळानं वर नितळ पाणी, तळाला गाळ. पुढं कोमल नांदेडला भूशास्त्र शिकायला गेली, तर तिथंही तेच. फक्त तुरटीला बंदी. तुरटीनं मातीचे कण एकमेकांना चिकटून भराभर खाली बसतात आणि मोजमापाचं वाटोळं होतं. घ्या, म्हणजे आईची अक्कल प्रयोगशाळेत चूक ठरली!

"नदी माणसासारखीच असते," विश्वंभर सर सांगायचे. "दमली की हातातलं जड ते आधी टाकते. गोटे, मग वाळू, मग गाळ. पार थांबली, तरच चिकणमाती."

उन्हाळ्याच्या तोंडावर सरांनी पोरांना थर बघायला नेलं ते नेमकं कोमलच्या गावच्या वळणावर. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, की गेल्या भादव्यात तिथल्याच फरशी पुलावरून तिचा धाकटा भाऊ शिवशंकर मोटारसायकलसकट वाहून गेला होता. मोटारसायकल सापडली, शिवा नाही. कोमलनं मुकाट्यानं काठ खणला, थर मोजले, पिशव्या भरल्या. शेवटची पिशवी तिनं डोहाच्या कडेची भरली. एवढ्या उन्हात ती माती हाताला गार लागली.

प्रयोगशाळेत प्रत्येकाची माती पाण्यात कालवून काचेच्या उंच नळीत भरायची, हलवायची आणि ठेवून द्यायची. कोणता कण किती वेळात बसतो, त्यावरून तिथलं पाणी कसं वाहत होतं ते ओळखायचं. सगळ्यांच्या नळ्या निवळल्या. डोहाची तेवढी राहिली. माती खाली जायची, बसतेय असं वाटायचं, आणि तळातून एकदम उसळी यायची. कोमलनं पाणी बदललं, नळी बदलली. टेबल हलत असेल म्हणून नळी फरशीवर ठेवली. बुडबुडे दिसतात का म्हणून भिंग लावून बघितलं. एक नाही.

"फेकून दे ते," सर वैतागले. "दुसरी माती आण."

फेकायचीच तर जिथली तिथं फेकू, असं म्हणून सुट्टीला घरी जाताना तिनं त्या नळीला घट्ट बूच लावलं आणि ती पिशवीत घातली.

घरी वेगळीच घाई चालली होती. वर्ष भरायच्या आत पिठाचा पुतळा करून शिवाला अग्नी द्यायचा, असं सटवाजीमामानं ठरवलं होतं. आईनं महिनोन्‌महिने नाही-नाही करून शेवटी एकदाची मान हलवली होती. आणि नेमकी त्याच दिवशी कोमलनं नळी ओट्यावर ठेवली. शहाणी पोर, पण कुठं काय ठेवावं ते कळलं नाही.

"काय हाय हे?"

"डोहातली माती, माय. बसतच न्हाई. काहून ते कळून न्हाई राहिलं."

पार्वतीबाई नळीसमोर उकिडवी बसली. माती हळूहळू खाली गेली. मग उसळली.

"हातपाय मारून राहिला," ती म्हणाली.

"माय, असं बोलू नको."

"दमला की थांबतो जरा. फिरून मारतो. बघ की."

मामाला तिनं दारातूनच परत धाडलं. "जित्या लेकराला अग्नी देऊ व्हय?" तेव्हापासून तिनं अन्न टाकलं. दिवसभर नळीपाशी बसून पुटपुटायची, "वर ये बाबा, वर. थोडं राहिलं." उसळी उंच गेली की तिचा चेहरा उजळायचा, आणि माती खाली आली की पदर तोंडात कोंबायची. भाऊ गेला तो गेला, आता आईही हातची चालली होती.

"डोस्कं फिरलं हिचं," मामा म्हणाला. "कोमल, घरातून काढ ते."

एका दुपारी आई पाण्याला गेली. नळी फेकली असती, तर आई डोहात उतरली असती. पण पाणी आपोआप निवळलं असं तिला वाटलं तर? कोनाड्यात तुरटीचा खडा होताच. कोमलनं तो वरवंट्यानं फोडला, बूच काढलं, चुरा आत सोडला, बूच लावलं आणि वर अंगठा दाबून धरला.

पाणी खवळलं.

गाळ वर चढला. बुचापर्यंत आला. असा आजवर कधी आला नव्हता.

अंगठ्याखाली, आतून, बुचाला काहीतरी लागलं. हलकेच.

पुन्हा लागलं. जरा कमी.

तिला बूच काढायचं होतं. देवाशपथ, काढायचं होतं. अंगठा निघेना.

मग काहीच लागलं नाही. गाळ सरळ खाली उतरला आणि बसला.

आई आली तेव्हा पाणी नितळ होतं. कोमल भिंतीला टेकून रडत होती. पार्वतीबाईनं कमरेवरची घागर उतरवली. ओट्यावर पांढरा चुरा सांडला होता, तो तिनं बोटानं टिपून जिभेला लावला.

"बराबर केलं, पोरी," ती म्हणाली. "कुठवर हातपाय मारील? सटवाजीला सांग, उद्या पीठ मळते."

तिनं नळी उचलून दारातल्या उजेडात धरली. बुचाखाली काचेला गाळाचा पातळ थर चिकटला होता. त्यातून चार बारीक रेघा शेजारी-शेजारी, वरून खालपर्यंत ओढत गेल्या होत्या.

पार्वतीबाईनं पदरानं काच पुसली. रेघा आतून होत्या.