शिरवळच्या फ्लॅटमधला लॅपटॉप

"मॅडम, तुमच्या लिनक्समुळं आमचा लॅपटॉप मेलाय," फोनवरचा माणूस म्हणाला. "आजच्या आज या. आणि कुणी मारला तेही तुम्हीच सांगा."

शरयू कानिटकर साताऱ्यात एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आता महिन्यातल्या एका रविवारी त्या घराच्या पुढच्या खोलीत लोकांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम बसवून देत. पैसे घेत नसत. कुणी एवढ्या तोऱ्यात बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

फोन करणारा राजवर्धन मेटकरी शिरवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याची बायको माया गणपतीनंतरच्या रविवारी सासऱ्यांना घेऊन आली होती, हे शरयूताईंना आठवलं. कमी बोलणारी मुलगी. पण 'आधीचं काहीच ठेवू नका, सगळं पुसा,' असं तिनं दोनदा बजावलं होतं. बाकीचे निघून गेल्यावरही ती थांबली होती. नवी सिस्टीम बसवल्यावर मशीन सुरूच झालं नाही तर काय काय बघायचं, हे तिनं स्वतः बटणं दाबून शिकून घेतलं होतं.

"दसऱ्यापासून, म्हणजे दोन आठवडे, चालू होत नाही," राजवर्धन सांगत होता. "इथला दुकानदार घरी येऊन बघून गेला, म्हणतो डिस्क गेली. माझ्या बहिणीनं आपटलाय. ती कबूल करत नाही."

"इकडे घेऊन या. बघते."

"लॅपटॉप घराबाहेर जाणार नाही."

या शेवटच्या वाक्यामुळेच शरयूताईंनी शिरवळची एसटी धरली.

हमरस्त्यामागच्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. राजवर्धननं दार उघडलं, त्यांना आत घेतलं आणि त्यांच्यामागं जाळीच्या दाराला आतून कुलूप लावलं. किल्ली पँटच्या खिशात गेली.

"हे कशाला?"

"काय ते सापडेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही असं ठरलंय. तुम्हीही जरा सहकार्य करा."

तो नम्रपणे बोलत होता, आणि त्याचीच शरयूताईंना जास्त भीती वाटली. खोलीत उकडत होतं. खिडक्यांच्या सरकत्या काचांना कडेनं स्क्रू मारलेले होते. त्यांची नजर तिकडं गेलेली बघून तो म्हणाला, "धूळ लय येते रस्त्याची."

सोफ्यावर त्याचे वडील आकाराम बसले होते. आयुष्यभर आटपाडीच्या माळावर मेंढरं राखलेला माणूस. गुडघे गेले म्हणून मुलानं इथं आणून ठेवलेला. त्यांच्याशेजारी कॉलेजात शिकणारी क्रांती, राजवर्धनची बहीण. तिचे डोळे सुजले होते. माया स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. ओळख असल्याचं तिनं दाखवलं नाही.

लॅपटॉप टेबलावर होता. कॅमेऱ्याच्या बारीक भोकावर लाल टिकली चिकटवलेली होती. साताऱ्यात आला तेव्हाही ती होतीच. शरयूताई काढायला लागल्या तर माया तेव्हा म्हणाली होती, 'राहू द्या.'

त्यांनी मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, 'नो बूटेबल डिव्हाइस'. सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

"बघा," राजवर्धन म्हणाला.

एवढ्यात त्याला कारखान्यातून फोन आला आणि तो दोन पावलं बाजूला झाला. शरयूताईंनी मशीन पुन्हा चालू करून एफ-टू दाबलं. आतल्या सेटिंगचं पान उघडलं. पहिल्याच कप्प्यात डिस्कचं नाव दिसत होतं. डिस्क जिवंत होती.

मग त्यांनी सुरुवातीची पद्धत बघितली. मशीन दोन पद्धतींनी सुरू होऊ शकतं, एक जुनी आणि एक नवी. लिनक्स नव्या पद्धतीनं बसवलं होतं, आणि कुणीतरी सेटिंग जुन्यावर ठेवलं होतं. आपटून असं होत नाही. इथं येऊन, बाणाचं बटण दाबून, जपून ठेवूनच हे करावं लागतं.

त्यांनी सेटिंग बदललं. लिनक्सची सुरुवातीची यादी समोर आली. त्यांनी खालचा पर्याय उघडला आणि त्यांचा हात थांबला.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. नवा कर्नल आला की तो इंटरनेटवरून आपोआप उतरतो आणि या यादीत सर्वांत वर बसतो. वरचा कर्नल त्यांच्या ओळखीचा होता. तो गेल्याच आठवड्यात निघाला होता आणि त्यांच्या स्वतःच्या मशीनवरही तेव्हाच आला होता.

दसऱ्यापासून मेलेल्या लॅपटॉपवर गेल्या आठवड्यातला कर्नल होता.

राजवर्धन फोन ठेवून मागं आला. "काय आहे हे? नुसते आकडे?"

"तपासतेय." त्यांनी बटण दाबून मशीन बंद केलं. स्वयंपाकघराच्या चौकटीत माया श्वास रोखून उभी होती.

"मला काही विचारायचंय," शरयूताई म्हणाल्या. "लॅपटॉप कुठं असतो?"

"आतल्या खोलीत," राजवर्धन म्हणाला. "कपाटासमोरच्या टेबलावर."

"शेवटचा चालू कुणी बघितला?"

"मी. मी गणपतीपासून ट्रेनिंगला चेन्नईला होतो. बाबांना हाताशी धरून हिनं परस्पर हे लिनक्स घालून आणलं. दसऱ्याला आलो, विंडोज परत टाकायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर हा मेलेला."

"विंडोजच का हवं?"

"कामाचं सॉफ्टवेअर होतं त्यावर माझं."

"तुमची पाळी कोणती?"

"कायम दिवसाची. सकाळी जातो, अंधार पडल्यावर येतो."

"मग दिवसा लॅपटॉप कुणाच्या हातात असतो हे तुम्हाला कसं कळणार?"

"मला कळत नाही असं वाटतंय तुम्हाला?" तो हसला. "ही क्रांती. आधीपासूनच बेफिकीर आहे. श्रावणात लॅपटॉपसमोर बसून केस विंचरत होती. तेलाची बाटली कलंडली, कीबोर्डवर सांडायची ते हातभर अंतरावर सांडली. परकराच्या टोकानं पुसलं आणि गप बसली. अशी मुलगी आपटणार नाही तर काय?"

क्रांतीनं चमकून वर बघितलं.

"मी दादाला किती वेळा सांगितलं, मी हात लावला न्हाई," ती म्हणाली. "माझा मोबाईल काढून घेतला. कॉलेज बंद केलं. दोन दिवस दाराबाहेर गेले न्हाई मी."

"ही तेलाची गोष्ट खरी आहे?" शरयूताईंनी विचारलं.

"खरी आहे. पण..." ती घुटमळली.

"त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं?"

"कुणीच नव्हतं. वहिनी आंघोळीला गेली होती. दाराला कडी होती."

"नंतर कुणाला सांगितलंस?"

"न्हाई. तोच ओरडेल म्हणून."

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"मला कुठलं?" आकाराम म्हणाले. "दुपारचा म्या खाली पिंपळाच्या पारावर आसतो. तवा खाली जाऊ देत व्हता ह्यो."

राजवर्धनच्या कपाळावर आठी पडली. आपल्या तोंडून काय गेलं ते त्याला अजून उमगलं नव्हतं.

"मॅडम, इकडचं तिकडचं पुरे. डिस्क गेली की नाही?"

"गेलेली नाही. कुणी आपटलेलाही नाही. आतलं एक सेटिंग बदललंय."

"म्हणजे मुद्दाम?"

शरयूताईंना दारावरचं कुलूप दिसत होतं. नाव सांगितलं तर एक मुलगी या घरात कायमची अडकणार होती. नाही सांगितलं तर दुसरी. आणि त्या बोलल्या नाहीत तरी त्यानं उत्तर स्वतःच ठरवलेलं होतं.

"कम्प्युटर सायन्सला दुसरं कोण आहे या घरात?" तो क्रांतीकडं वळला. "उद्या कॉलेजात जाऊन तुझं नाव काढतो. आटपाडीला जा, आईबरोबर शेळ्या राख."

"तिनं नाही केलं," माया चौकटीतून म्हणाली. "मी केलं."



"रोज सकाळी तुम्ही गेलात की मी चालू करत होते. संध्याकाळी तुम्ही यायच्या आधी सेटिंग फिरवून ठेवत होते. साताऱ्यात शिकले ते."

राजवर्धन तिच्या दिशेनं निघाला. शरयूताई उठून मध्ये उभ्या राहिल्या. आयुष्यात त्या कुणाच्या मध्ये अशा उभ्या राहिल्या नव्हत्या.

"तुम्ही मला कुणी केलं ते विचारायला बोलावलंत," त्या म्हणाल्या. "ते कळलं. पण का केलं, ते मी सांगते. तुम्ही खाली बसा."

तो बसला नाही, पण थांबला.

"ही साताऱ्याला आली तेव्हा मला म्हणाली, आधीचं काहीच ठेवू नका. लोक उलट सांगतात. फोटो ठेवा, फायली ठेवा. हिला सगळं पुसून हवं होतं. कॅमेऱ्यावर टिकली होती, ती हिनं काढू दिली नाही. मला तेव्हा गंमत वाटली. आज तुमच्या बोलण्यातून त्याचा अर्थ लागला."

"माझ्या बोलण्यातून?"

"कडी लावलेल्या खोलीत तेल सांडलं. क्रांतीनं कुणाला सांगितलं नाही. तिथं कुणी नव्हतं. तुम्ही कारखान्यात होतात. तरी तेल कीबोर्डपासून किती लांब सांडलं आणि ते कशानं पुसलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्या खोलीतून बघू शकणारी एकच वस्तू होती. तो लॅपटॉप. विंडोजवरचं ते कामाचं सॉफ्टवेअर खोलीत आणि पडद्यावर काय चाललंय ते तुमच्या मोबाईलवर पाठवत होतं. लिनक्स बसवलं आणि ते पुसलं गेलं. म्हणून तुम्हाला विंडोज परत हवं होतं. आणि म्हणूनच ही रोज संध्याकाळी लॅपटॉप मारत होती. मेलेल्या लॅपटॉपवर तुम्हाला काही घालता येत नव्हतं."

"बायकोवर लक्ष ठेवलं तर गुन्हा झाला काय?" राजवर्धनचा आवाज चढला. "दिवसभर कुणाशी बोलते, काय करते..."

"नोकरी शोधत होते," माया म्हणाली. "सांगलीच्या एका दूध संघात, प्रयोगशाळेत. मुलाखत लॅपटॉपवरच झाली. सोमवारी हजर व्हायचंय. माझ्या भावाला इथलं सगळं सांगितलं तर तो म्हणाला, नांदायला शिक. फोन तुमच्याकडं, दाराची किल्ली तुमच्याकडं. मला लॅपटॉपशिवाय होतं काय?"

क्रांती उठून उभी राहिली होती. तिचं या बोलण्याकडं लक्ष नव्हतं.

"वहिनी," ती हळू म्हणाली, "मी त्याच खोलीत कपडे बदलते."

मायानं तिच्याकडं बघितलं. "मला कळलं त्या दिवशी टिकली लावली. तुला सांगायला हवं होतं. तू दादाला विचारशील आणि तो मला सोडणार नाही, याची भीती वाटली."

आकारामांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग ते सोफ्याच्या हाताला धरून उठले. गुडघा कळवळला तसं तोंड वाकडं झालं.

"मोबाईल काढ," ते मुलाला म्हणाले. "त्यात काय न्हाई तर दाखीव सगळ्यांस्नी."

"फोन खासगी असतो, बाबा."

आपण काय बोललो ते राजवर्धनला या वेळी मात्र कळलं.

"रातच्याला आमी मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडतो," आकाराम म्हणाले. "लांडगा भाईर आसतो म्हून. हितं कुणासाटी कोंडलं रं तू आमाला? किल्ली दे."

"बाबा, तुम्हाला यातलं..."

"किल्ली दे म्हणलं."

म्हाताऱ्यानं तळहात पुढं केला आणि तसाच ठेवला. राजवर्धननं शरयूताईंकडं बघितलं. त्यांच्या हातात मोबाईल होता आणि पोलिसांचा नंबर लावलेला होता. त्यानं किल्ली टेबलावर टाकली. आकारामांनी ती उचलून कुलूप काढलं, आणि जिन्यातली थंड हवा आत आली.

मायानं एक पिशवी भरली, लॅपटॉप त्यात ठेवला. क्रांतीनं काहीच घेतलं नाही. आकारामही कठड्याला धरत त्यांच्यामागं जिना उतरले.

खाली आल्यावर शरयूताई मायाला म्हणाल्या, "साताऱ्याला माझ्याकडं चला आज. सोमवारी तिथूनच सांगलीला जाता येईल."

"मॅडम," क्रांती म्हणाली, "ते त्याच्याकडं अजून असेल ना? माझं?"

"असेल. पुसलं तरी पोलिसांना काढता येतं. पण उशीर करू नये."

क्रांतीनं वडिलांकडं बघितलं. मागणं काय आहे ते तिला तोंडानं म्हणता येत नव्हतं. आकाराम धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पुण्याकडं जाणारे ट्रक एकामागून एक जात होते.

"ठाणं कुठंशी हाय?" त्यांनी पानपट्टीवाल्याला विचारलं.

ठाण्यात एका बाई हवालदारानं सगळ्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि शांतपणे ऐकून घेतलं. मग तिनं कागद पुढं ओढला.

"तक्रार कुणाविरुद्ध? पूर्ण नाव सांगा."

माया सांगायला लागली, पण आकारामांनी तिच्या पुढ्यात हात आडवा धरला.

"राजवर्धन," ते म्हणाले.

"वडिलांचं नाव?"

"आकाराम. मेटकरी."

तिनं लिहिता लिहिता वर बघितलं. "आणि आजोबा, तुमचं नाव?"

"त्येच," आकाराम म्हणाले. "आता हितं लिवलं न्हवं तुमी."